मुके साक्षीदार

कोणीही मनुष्य वाटेने गेला, की त्याच्या मागे काही ना काही खूण राहते. तिला 'माग' म्हणतात. आणि त्या खुणेच्या आधाराने पुढे पुढे जात ती उमटविणाऱ्यापर्यंत पोहोचणे, याला 'माग काढणे' म्हणतात. हा शब्दप्रयोग आपण नेहमी करतो. परंतु एके काळी माग काढणे हे आपल्या खेड्यांतील एक नेमून दिलेले काम होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही.

पूर्वी दख्खनच्या गावांत चोरी झाली, की गावचा जागल्या चोरीच्या जागी जाई. भिंतीला पडलेले खिंडार, ओल्या मातीत उमटलेले पाऊल, मोडलेले कुंपण हे सारे तो बारकाईने पाही व पावलांच्या ठशांमागून चालू लागे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला, की तेथील जागल्याच्या स्वाधीन केला जाई. अशा रीतीने एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे माग जात असे. ज्या गावाच्या शिवारात तो अखेर संपे, त्या गावाने चोर तरी हजर करावा, नाही तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई तरी करावी, अशी वहिवाट होती. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली त्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या वहिवाटीचे वर्णन आहे.

या वहिवाटीत एक शहाणपण होते आणि एक उणीवही होती. शहाणपण असे, की माणसांच्या तोंडच्या बोलण्यापेक्षा जमिनीवरच्या खुणेवर तीत अधिक भरवसा ठेवलेला होता. उणीव अशी, की त्या मागावरून एखादे खिल्लार गेले किंवा वळवाची एखादी सर आली, तर माग तेथेच बुडावयाचा. आणि ज्यांचा त्या चोरीशी काडीचाही संबंध नाही, अशा गावकऱ्यांना भुर्दंड सोसावा लागावयाचा. खूण पुसली गेली म्हणजे केवळ चोर सुटतो असे नव्हे, तर निरपराधी मनुष्य अडकतो. ही गोष्ट मनात धरूनच पुढील पाठ वाचावा.

माग काढण्याच्या या कलेचे आता शास्त्र झाले आहे. त्याला न्यायसहायक विज्ञान असे नाव आहे. नाव जड वाटले, तरी अर्थ सोपा आहे. न्याय देण्याच्या कामी न्यायालयाला साहाय्य करणारे विज्ञान, ते न्यायसहायक विज्ञान. या विज्ञानाची आपल्या राज्याची प्रयोगशाळा मुंबईस १९५८ साली सुरू झाली. आज मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे तिच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. रक्ताचे डाग, विष, बंदुकीची गोळी, संशयास्पद कागद, जळालेल्या वस्तू असे अनेक पदार्थ तेथे परीक्षेसाठी येतात. परीक्षा करणारे रसायनशास्त्र, जीवशास्त्र व पदार्थविज्ञान यांत निपुण असतात. त्यांच्यापुढे आरोपी उभा नसतो. त्यांच्यापुढे असते ती केवळ वस्तू. ती वस्तू काय सांगते, एवढेच त्यांना पाहावयाचे असते.

वस्तूला बोलावयास तोंड नाही; मग ती काय सांगणार? फ्रान्स देशातील ल्योन शहरी एडमंड लोकार नावाचे एक विद्वान होते. त्यांनी १९१० साली तेथे पोलिसांसाठी एक लहानशी प्रयोगशाळा उघडली. माळ्यावरच्या दोन खोल्या, एवढाच तिचा पसारा होता. लोकार यांनी जे तत्त्व शिकविले, त्यावर हे सारे शास्त्र उभे आहे. ते तत्त्व असे, की दोन वस्तूंचा एकमेकींशी स्पर्श झाला, म्हणजे प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो. मनुष्य जेथे जातो, तेथे काही ठेवून जातो आणि तेथून काही घेऊनही जातो.

हे तत्त्व आपल्या नित्याच्या परिचयातील उदाहरणाने पटेल. अशी कल्पना करा, की निलंग्याच्या बाजारपेठेतील एक किराणा मालाचे दुकान पावसाळ्यात रात्रीच्या वेळी फोडले गेले. चोर रानातून चालत आला आहे. आपल्याकडची काळी माती पावसात भिजली, म्हणजे जोड्याला कशी चिकटते, हे कोणास सांगावयास नको. ती माती त्याच्याबरोबर दुकानात आली व फरशीवर तिचे ठसे उमटले. कुलूप तोडताना पहारीची टोके दाराच्या लाकडात रुतली. तेथे त्या पहारीचा वण राहिला. फडताळाची काच फुटली, तेव्हा तिचे बारीक कण त्याच्या सदऱ्यावर उडाले. अंधारात हळदीच्या पोत्याला धक्का लागला आणि पिवळी पूड बाहीला लागली. चोराने गल्ला उघडला, तेव्हा त्याची बोटे गल्ल्यावर उमटली. आपण कोणाच्या नजरेस पडलो नाही, या समाधानात तो निघून गेला. परंतु माती, वण, काच, हळद व बोटे असे पाच साक्षीदार त्याने स्वतःच निर्माण केले होते. त्यांतील काही दुकानात राहिले, तर काही त्याच्याच अंगावर बसून त्याच्याबरोबर घरी गेले.

आता सकाळ होते. बातमी पसरते आणि लोकांची दाटी होते. एक जण तुटलेले कुलूप उचलून न्याहाळतो. दुसरा गल्ल्यावर हात टेकून हळहळतो. तिसरा 'चिखल फार झाला' म्हणून फरशी पुसून घेतो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. परंतु एका घटकेत पाचांतील तीन साक्षीदार नाहीसे होतात आणि गल्ल्यावर चोराच्या बोटांबरोबर दहा सज्जनांची बोटे उमटतात. म्हणून तपासाचा पहिला नियम असा आहे, की घटनास्थळ आहे तसे राहू द्यावे. कोणी जखमी असल्यास त्याचा जीव वाचविणे हे सर्वांत आधीचे कर्तव्य होय. ते केल्यावर मात्र तेथील एकही वस्तू हलवू नये. पोलीस येतात, ते प्रथम त्या जागेभोवती दोरी किंवा पट्टी बांधतात, आत जाण्यायेण्याचा एकच मार्ग ठरवितात व बाकीच्यांना दूर ठेवतात.

यानंतर पंचनामा होतो. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की कोणाची फजिती झाली तरी 'त्याचा पंचनामा झाला' असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु पंचनामा ही थट्टेची गोष्ट नाही. ज्यांचा त्या प्रकरणाशी संबंध नाही, असे पंच बोलावून त्यांच्यासमक्ष घटनास्थळाचे जे लेखी वर्णन करतात, तो पंचनामा. दार कोणत्या दिशेस आहे, कुलूप दारापासून किती अंतरावर पडले आहे, ठसे किती व कोठून कोठे गेले आहेत, हे सारे मोजमाप घेऊन लिहितात. छायाचित्रे काढतात व जागेचा आराखडा तयार करतात. पंचनाम्यात तर्क लिहावयाचा नसतो. जे डोळ्यांना दिसले, तेच लिहावयाचे असते. 'चोर मागच्या दाराने पळाला' असे लिहिणे चूक. 'मागचे दार उघडे आढळले' असे लिहिणे बरोबर. या दोन वाक्यांतील भेद ज्याला कळला, त्याला तपासाचे अर्धे मर्म कळले.

वर्णन पुरे झाल्यावर वस्तू उचलतात. त्यांतही प्रत्येक वस्तूची रीत निराळी आहे. मातीतील पावलाच्या ठशात पातळ कालवलेले प्लास्टर ओततात. ते वाळून कठीण झाले, म्हणजे ठशाची हुबेहूब प्रतिकृती हाती येते. रक्ताने भिजलेले वस्त्र सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात. ते ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, तर कुजते व त्यावरील पुरावा नष्ट होतो. काचेवर किंवा पत्र्यावर उमटलेली बोटे सहसा दिसत नाहीत. त्यांवर मऊ कुंचल्याने बारीक पूड फिरवितात, तेव्हा घामाच्या रेषांना पूड चिकटून ठसा वर येतो. कागदावरच्या ठशांसाठी निनहायड्रिन नावाचे द्रव्य वापरतात. त्यायोगे ठसे जांभळे होऊन दिसू लागतात.

बोटांच्या या ठशांची कथा मोठी मनोरंजक असून तिचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. मुलांच्या बोटांवर शंख किती व चक्रे किती, हे घरोघरी आजीबाई कौतुकाने पाहत आल्या आहेत. बोटांवरच्या या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात व जन्मभर तशाच राहतात. जुळ्या भावंडांचे चेहरे ओळखता येऊ नयेत इतके सारखे असले, तरी त्यांच्या बोटांचे ठसे भिन्न असतात. बंगालमधील विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका ठेकेदाराच्या करारपत्रावर सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तेव्हापासून या विषयाकडे लक्ष वेधले गेले. परंतु हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधावयाचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडविण्याच्या कामी अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन बंगाली पोलीस अधिकाऱ्यांनी फार मोठा वाटा उचलला. दहा बोटांवरील आकृतींवरून ठशांचे १०२४ गट पाडण्याची पद्धत सिद्ध झाली आणि १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडण्यात आले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले कार्यालय होय.

त्याच वर्षी या कार्यालयाची कसोटी पाहणारा प्रसंग आला. बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक आपल्या घरात मारला गेलेला आढळला. त्याची पेटी व तिजोरी उघडी होती आणि काही शे रुपये नाहीसे झाले होते. संशय अनेकांवर गेला. मळ्यातील मजुरांवर गेला, जवळपास उतरलेल्या फिरस्त्या काबुली लोकांवर गेला, आणि विशेषतः घरातील आचाऱ्यावर गेला. कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे शिंतोडे होते. 'धन्याच्या जेवणासाठी मी कबूतर मारले, त्याचे हे रक्त,' असे आचारी सांगत होता. गरीब नोकराच्या या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार! परंतु रसायनतज्ज्ञाच्या परीक्षेने त्याच्याच म्हणण्याला दुजोरा मिळाला. मजूर व काबुली लोक यांच्याविरुद्धही काही निघाले नाही.

मग त्या पेटीतील एका वस्तूकडे लक्ष गेले. ते होते बंगाली पंचांग. त्याच्या निळसर वेष्टनावर तपकिरी रंगाचे डाग होते. भिंगातून पाहता एका डागात उजव्या हाताच्या बोटाच्या रेषा दिसून आल्या. कलकत्त्याच्या कार्यालयात शिक्षा झालेल्या लोकांचे ठसे ठेवलेले होते. त्यांच्याशी ताडून पाहता तो ठसा एका जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. चोरीबद्दल याच व्यवस्थापकाने त्याला पूर्वी तुरुंगात धाडले होते. तो दूर बीरभूम जिल्ह्यात सापडला. त्याच्या अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला, तोही तंतोतंत जुळला. पंचांगावरचा डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा असल्याचे रसायनतज्ज्ञाने सांगितले.

आता न्यायालयाने काय करावे? १८९८ साली निकाल लागला. त्या माणसाला चोरीबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. खुनाच्या आरोपातून मात्र त्याला मुक्त करण्यात आले. अंगठ्याने एवढेच सांगितले होते, की हा मनुष्य त्या पेटीपाशी आला होता व त्याचे बोट रक्ताने माखले होते. खून करताना त्याला कोणीही पाहिले नव्हते. जेवढे सिद्ध झाले, तेवढ्याचीच शिक्षा देणे न्यायालयास योग्य वाटले. हा निकाल काहींना सौम्य वाटेल. परंतु मुक्या साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालावयाचे नाहीत, हा नियम त्यात पाळला गेला, हे विसरता कामा नये.

त्या काळी डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा आहे, एवढेच सांगता येत असे. तो कोणत्या माणसाच्या रक्ताचा, हे सांगता येत नसे. ती शक्ती पुढे शास्त्राला लाभली. आपल्या शरीराच्या पेशींत डीएनए नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेतील काही भाग माणसागणिक भिन्न असतात. एकसारख्या जुळ्या भावंडांपुरता काय तो अपवाद. या भेदावरून माणूस ओळखण्याची युक्ती इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे अलेक जेफ्रीज यांना १९८४ साली सापडली. पुढे दोन वर्षांनी एका खुनाच्या तपासात तिचा उपयोग झाला, तो प्रथम कोणाला पकडण्यासाठी झाला नाही. ज्या तरुणाने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुलीही देऊन टाकली होती, तो निरपराधी आहे, असे त्या परीक्षेने दाखवून दिले! खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला. भारतात ही विद्या डॉ. लालजी सिंह यांनी १९८८ साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात सिद्ध केली. आपला निलंगा तालुका १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीत हे कार्य झाले, याचे आपणास विशेष वाटावे.

मुके साक्षीदार किती मोठे काम करू शकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला. त्यात १६६ निरपराधी माणसे मृत्युमुखी पडली. गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना अजमल कसाब याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या. परंतु त्यांची पकड सुटली नाही, आणि कसाब जिवंत सापडला. या अलौकिक शौर्याबद्दल त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. दहांपैकी जिवंत हाती लागला, तो हा एकच.

तथापि मनुष्य हाती लागला, म्हणजे सत्य हाती लागले असे नव्हे. हे लोक कोठून आले, कसे आले व त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे सारे न्यायालयात सिद्ध करावयाचे होते. ते काम वस्तूंनी केले. 'कुबेर' नावाची एक मासेमारी नौका मुंबईजवळच्या समुद्रात सोडून दिलेली सापडली. तिच्या तांडेलाचा खून झालेला होता. नौकेवर उपग्रहाच्या साहाय्याने चालणारा दूरध्वनी होता, मार्ग दाखविणारे यंत्र होते, पांघरुणे व कपडे होते, आणि परदेशी बनावटीच्या खुणा असलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू होत्या. तेथील काही वस्त्रांवर घामासारखे अंश राहिले होते. त्यांतील डीएनए हल्लेखोरांच्या डीएनएशी जुळला. नौकेवर गुलाबी रंगाचा फोम सापडला. शहरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या बॉम्बच्या वेष्टनातही तसाच गुलाबी फोम होता. एरवी ज्याची किंमत कवडीचीही नाही, अशा त्या फोमने समुद्रातील नौका व शहरातील स्फोट यांना एका धाग्यात ओवून दाखविले. विशेष न्यायालयाने ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरविले, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली.

परंतु या खटल्याचा आणखी एक भाग आहे, आणि तो याहून कमी महत्त्वाचा नाही. हल्लेखोरांना मुंबईतील ठिकाणांचे नकाशे पुरविले, असा आरोप दोन भारतीय नागरिकांवर होता. पुरावा म्हणून एक हाताने काढलेला नकाशा न्यायालयापुढे ठेवण्यात आला. चौपाटीवर मारल्या गेलेल्या हल्लेखोराच्या विजारीच्या खिशात तो सापडला, असे सांगण्यात आले होते. न्यायाधीशांनी तो नकाशा पाहिला. विजार रक्ताने माखलेली होती. नकाशावर मात्र रक्ताचा एक थेंबही नव्हता, की तो चुरगळलेलाही नव्हता. त्या कागदाने आपल्या कोरेपणानेच साक्ष दिली. इतर साक्षीही विश्वास ठेवण्याजोग्या वाटल्या नाहीत. सारे राष्ट्र संतप्त झाले होते. तरीही त्या दोघांना निर्दोष ठरविण्यात आले, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांनीही तो निर्णय कायम ठेवला. ज्या कसोटीवर फोमचा तुकडा खरा उतरला, त्याच कसोटीवर नकाशा टिकला नाही. कसोटी एकच, मग निकाल कोणाच्याही बाजूने लागो. याचेच नाव न्याय.

यावरून वस्तू नुसती सापडून भागत नाही, हे स्पष्ट होईल. ती कोठे सापडली, कोणासमक्ष सापडली व त्यानंतर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याचा अखंड हिशेब असावा लागतो. याकरिता जप्त केलेला मुद्देमाल पाकिटात घालून त्यावर लाखेची मोहोर करतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात, आणि तो पोलीस ठाण्यातून प्रयोगशाळेत व तेथून न्यायालयात जाईपर्यंत प्रत्येक हस्तांतराची नोंद ठेवतात. साखळीची एक कडी निसटली, तर उरलेल्या कड्या कितीही भक्कम असोत, तिचा उपयोग होत नाही. १ जुलै २०२४ पासून देशात लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्ती यांचे चलत्चित्रण करण्याचे बंधन घातले आहे. ज्या गुन्ह्यांस सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्यांच्या घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञांनी स्वतः जाऊन पुरावा गोळा करावा, अशीही तरतूद तीत आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिलेला आहे.

आपण सारेच काही पोलीस अधिकारी किंवा शास्त्रज्ञ होणार नाही. परंतु नागरिक तर सर्वांनाच व्हावयाचे आहे. कधी घरी, शाळेत किंवा वाटेवर असा प्रसंग आढळला, तर आत शिरू नये व कशालाही हात लावू नये. वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पावसाची चिन्हे असल्यास वडीलधाऱ्यांनी पावलाच्या ठशावर एखादे घमेले पालथे घालून ठेवावे. छायाचित्रे काढून ती गावभर पसरवू नयेत. पोलिसांनी विचारले, तर जे पाहिले तेवढेच सांगावे. जे ऐकले ते 'ऐकले' म्हणून सांगावे. आणि जे मनात आले, ते मनातच ठेवावे.

कारण संशय हा फार चपळ असतो. शाळेत एखाद्याची लेखणी हरवली, की दोन मिनिटांत कोणाचे तरी नाव चहूकडे होते. आणि ते नाव बहुधा दुबळ्या, अबोल किंवा गरीब मुलाचे असते. जलपायगुडीच्या आचाऱ्यावर संशय गेला, तो असाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. तो संन्यासी वाचावा म्हणूनच भिंग, प्लास्टर, लाखेची मोहोर आणि प्रयोगशाळा यांचा एवढा खटाटोप आहे. मुका साक्षीदार लाच घेत नाही, कोणास भीत नाही आणि कोणाची जात वा श्रीमंती पाहत नाही. मात्र त्याचे बोलणे ऐकावयाचे असेल, तर दोन पथ्ये पाळली पाहिजेत. आपल्या हाताने त्याला पुसू नये, आणि त्याने न सांगितलेली गोष्ट त्याच्या नावावर खपवू नये.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) माग काढण्याच्या जुन्या वहिवाटीत शहाणपण कोणते व उणीव कोणती होती?
(आ) लोकार यांचे तत्त्व तुमच्या घरातील एखाद्या उदाहरणाने समजावून सांगा.
(इ) जलपायगुडीच्या खटल्यात आरोपीला खुनाची शिक्षा का झाली नाही? तो निकाल तुम्हांस योग्य वाटतो काय? कारणे द्या.
(ई) गुलाबी फोम व हाताने काढलेला नकाशा या दोन वस्तूंनी न्यायालयास कोणकोणत्या गोष्टी सांगितल्या?

२. पुढील वाक्यांतील कोणती पंचनाम्यात लिहिता येतील व कोणती येणार नाहीत, ते सकारण सांगा.
(अ) खिडकीची काच फुटलेली असून तिचे तुकडे आतील बाजूस पडलेले आहेत.
(आ) चोर या घराची माहिती असलेलाच असला पाहिजे.
(इ) उंबऱ्यापासून तीन हातांवर एक पितळी किल्ली आढळली.

३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा.
माग काढणे, अंगवळणी पडणे, भुर्दंड सोसणे, दुजोरा मिळणे, कसोटीस उतरणे.

४. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' या म्हणीचा अर्थ सांगून तिला अनुरूप असा एक प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.

५. उपक्रम : वर्गातील एका बाकाचा व त्यावरील वस्तूंचा, दोन वर्गमित्रांस पंच नेमून, मोजमापांसह पंचनामा लिहा. त्यात एकही तर्क येऊ देऊ नका.